‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे नक्की कुणाचं ग्रेटेस्ट? क्वीनच्या एका अल्बमवरून फॅन्स का भांडतात, सोप्या भाषेत

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडशी माझी ओळख झाली ती ६० मिनिटांच्या एका कोऱ्या कॅसेटवर. ओरिजिनल नव्हे, दादानं म्हणजे माझ्या मामेभावानं, सुट्टीत सांगलीला गेलो होतो तेव्हा त्याच्या मित्राकडच्या रेकॉर्डवरून भरून दिलेली. आतल्या कागदावर त्यानं निळ्या बॉलपेननं सतरा गाण्यांची नावं लिहिली होती, अगदी बारीक अक्षरात, कारण सतरा नावं मावायला त्या कागदावर जागाच नसते. ती कॅसेट म्हणजे क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’, १९८१ चा अल्बम. आणि हातात देताना दादा म्हणाला, हे ऐक, मस्त आहे, पण हे ऐकून क्वीन ऐकलं असं कुणाला सांगू नकोस.

मला ते वाक्य तेव्हा कळलंच नाही. गाणी क्वीनची, आवाज क्वीनचा, मग ऐकलं असं का सांगायचं नाही? पण पुढे जसजसे क्वीनवेडे लोक भेटत गेले तसं लक्षात आलं की हा वाद दादापुरता नाहीये, जगभर हेच चालू आहे. या एका अल्बमबद्दल कुणी म्हणतं हा रॉकमधला सगळ्यात परफेक्ट अल्बम, कुणी म्हणतं हा बँडवर अन्याय आहे, कुणी म्हणतं अमुक गाणं नाही म्हणजे लिस्टच चुकली, आणि एक जण म्हणतो तुझ्या कॉपीत ते गाणं नसेल, माझ्या कॉपीत आहे. आणि सगळे आपापल्या जागी बरोबर असतात! असं कसं होतं तेच आज नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आधी हा अल्बम केवढा मोठा आहे ते बघा. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच, बीटल्सचा कुठला नाही, पिंक फ्लॉइडचा नाही, हा. २०१४ मध्ये तिथे ६० लाख कॉपींचा टप्पा ओलांडणारा पहिला अल्बम हा ठरला आणि २०२२ मध्ये खप आणि स्ट्रीमिंग मिळून ७० लाखांच्या वर जाणारा पहिलासुद्धा हाच. म्हणजे कितीतरी लोकांसाठी क्वीन म्हणजे ही सतरा गाणी, तेवढीच, त्याच्या अलीकडे पलीकडे काही नाही. म्हणून तर वाद एवढा जोरात होतो, कारण लिस्टमध्ये जे आलं ते घराघरात पोचलं आणि जे राहिलं ते राहूनच गेलं.

आता ‘हिट’ म्हणजे काय ते बघू, कारण खरी मेख इथेच आहे. आपल्याकडे गाणं हिट झालं म्हणजे लोकांच्या तोंडी बसलं, एवढाच अर्थ, कुणी मोजत नाही. तिकडे ७० च्या दशकात मात्र हिटला मोजमाप होतं. अल्बम निघायचा, त्यातली एकदोन गाणी वेगळी काढून छोट्या सात इंची तबकडीवर विकायची, त्याला म्हणायचे सिंगल. तबकडीला दोन बाजू, एका बाजूला जे गाणं चालावं असं वाटतंय ते, म्हणजे ए साइड, आणि मागे दुसरं एखादं, बी साइड. दुकानांतून त्या आठवड्यात किती सिंगल खपले त्यावरून दर आठवड्याला क्रमवारी लागायची, तो चार्ट. चार्टमध्ये वर गेलं ते हिट. म्हणजे जे गाणं सिंगल म्हणून निघालंच नाही ते कितीही भारी असलं तरी हिट होऊच शकत नाही, शर्यतीत उतरवलेलंच नाही तर नंबर कुठून येणार.

हे डोक्यात ठेवून क्वीनची सतरा गाणी आणि ब्रिटनचा चार्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. बोहेमियन ऱ्हॅप्सोडी १ नंबर, १९७५ च्या शेवटी, सलग ९ आठवडे. किलर क्वीन २. समबडी टू लव्ह २. क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह २. वी आर द चॅम्पियन्स २, आणि वी विल रॉक यू त्याच्याच पाठीवर बी साइडला. यू आर माय बेस्ट फ्रेंड आणि अनदर वन बाइट्स द डस्ट ७. डोन्ट स्टॉप मी नाऊ ९. सेव्हन सीज ऑफ राय आणि फ्लॅश १०. नाऊ आय ॲम हिअर, सेव्ह मी, आणि बायसिकल रेस व फॅट बॉटम्ड गर्ल्स ही जोडी, सगळे ११. प्ले द गेम १४. आणि गुड ओल्ड फॅशन्ड लव्हर बॉय ज्या चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर आलं ती १७ वर.

आता राहिलेली बघा. टाय युअर मदर डाऊन, ३१ वर थांबलं, लिस्टमध्ये नाही. स्प्रेड युअर विंग्ज, ३४, नाही. लव्ह ऑफ माय लाइफ, १९७९ मध्ये लाइव्ह रेकॉर्डिंगचं सिंगल काढलं होतं, ६३, नाही. आणि बँडचं आयुष्यातलं पहिलं सिंगल कीप युअरसेल्फ अलाइव्ह, १९७३, ते तर चार्टमध्ये शिरलंच नाही, म्हणून इथेही नाही. म्हणजे पहिल्या २० मध्ये गेलं ते आत, नाही गेलं ते बाहेर, इतकी सरळ रेघ मारल्यासारखी ही लिस्ट आहे. ही रेघ मला जेव्हा पहिल्यांदा दिसली तेव्हा अनेक वर्षांची चिडचिड एकदम शांत झाली, कारण लव्ह ऑफ माय लाइफ का नाही याचं उत्तर ‘कुणाला तरी ते आवडलं नाही’ असं नाहीये, उत्तर आहे ६३.

पण फॅन्सचं म्हणणंही समजून घ्या. मराठीत आपण ‘निवडक’ म्हणतो, निवडक कविता, निवडक कथा, म्हणजे कुणी तरी जाणकारानं बसून वाचून चांगलं ते निवडलंय. लोक ‘ग्रेटेस्ट’ हा शब्द तसा वाचतात. कंपनीनं तो ‘हिट्स’ ला जोडून वापरलाय, म्हणजे सगळ्यात जास्त चाललेली. एकाच नावातले दोन शब्द, एक गुणवत्तेचा, एक खपाचा, आणि जो ज्या शब्दावर जोर देऊन वाचतो तो त्या बाजूनं भांडतो. साधी गोष्ट आहे पण अर्धेअधिक वाद इथेच सुरू होतात आणि इथेच संपायला पाहिजेत.

आता दादाच्या बाजूनं बोलतो, कारण त्याच्या म्हणण्यात दम होता. १९८१ पर्यंत क्वीनचे ९ स्टुडिओ अल्बम झाले होते. पहिल्या अल्बममधलं, म्हणजे १९७३ च्या, या ब्रिटिश लिस्टमध्ये एकही गाणं नाही. दुसऱ्यातलं फक्त एक, सेव्हन सीज ऑफ राय. आणि १९८० च्या ‘द गेम’ मधली तब्बल चार. ज्या लोकांनी सुरुवातीचं क्वीन ऐकलंय त्यांना माहितीये की तो बँड वेगळाच होता, जड गिटार, राक्षस आणि राण्यांच्या गोष्टी, एका गाण्यात सहा वेळा चाल बदलणारे, द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन ऐकलंत तर कळेल, किंवा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ मधलं द प्रॉफेट्स साँग, आठ मिनिटांहून मोठं. अशी गाणी सिंगल म्हणून कोण काढणार? रेडिओवर तीन मिनिटांचा हिशोब असायचा. बोहेमियन ऱ्हॅप्सोडी ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, तेच सिंगल म्हणून काढायला लोक घाबरत होते. त्यामुळे होतं काय की फक्त हिट्स ऐकणाऱ्याला क्वीन हा मजेदार, टाळ्या वाजवायला लावणारा बँड वाटतो, आणि ती गहिरी, थोडी अंधारी बाजू त्याला दिसतच नाही. दादाला हेच सांगायचं होतं.

यातली एक गोष्ट मला फार लागते, ती रॉजर टेलरची. क्वीनमध्ये चौघे, आणि चौघेही गाणी लिहायचे, हे या बँडचं मोठं वैशिष्ट्य. या सतरा गाण्यांत गायक फ्रेडी मर्क्युरीची १०, गिटारवाल्या ब्रायन मेची ५, बास गिटारवाल्या जॉन डीकनची २. झाले सतरा. ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही! दहा वर्षं ज्यानं मागे बसून ड्रम वाजवले, सगळ्यात उंच पट्टीतले आवाज लावले, दर अल्बममध्ये गाणी दिली, त्याचं नाव गीतकार म्हणून शून्य वेळा. कारण तेच, त्याची गाणी सिंगलच्या पुढच्या बाजूला आलीच नव्हती. त्याचं आय ॲम इन लव्ह विथ माय कार हे बोहेमियन ऱ्हॅप्सोडीच्या मागच्या बाजूला होतं. आणि इथे एक जाता जाता सांगण्यासारखं, तबकडी विकली गेली की गीतकारांचे पैसे दोन्ही बाजूंना सारखे मिळायचे, म्हणजे लोक विकत घेत होते ते फ्रेडीच्या गाण्यासाठी पण प्रत्येक तबकडीमागे रॉजरलाही तेवढेच मिळत होते, आणि बी साइडला कुणाचं गाणं लावायचं यावरून बँडमध्ये खरोखर ताण व्हायचा. रॉजरचं मोठं हिट आलं ते १९८४ मध्ये, रेडिओ गा गा. ते १९९१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स २’ मध्ये आहे. म्हणजे कुठलाही हिट्सचा अल्बम हा त्या तारखेपर्यंतचा फोटो असतो, नंतर काय होणार ते त्या फोटोत दिसत नाही. ईगल्स या अमेरिकन बँडचंही बघा ना, त्यांचा हिट्सचा अल्बम फेब्रुवारी १९७६ मध्ये आला, अमेरिकेत तो सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांपैकी एक, आणि त्यात हॉटेल कॅलिफोर्निया नाही, कारण ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या अल्बममधलं.

आता ‘माझ्या कॉपीत आहे, तुझ्यात नाही’ वाला भाग. हा फार लोकांना माहीत नसतो. १९८१ मध्ये हा अल्बम जगभर एकसारखा निघालाच नाही. प्रत्येक देशात तिथे कुठली सिंगल्स निघाली आणि कुठली चालली त्याप्रमाणे यादी बदलली. अमेरिकेतल्या कॉपीत सतरा नव्हे, चौदा गाणी होती. आणि ती सुरू व्हायची अनदर वन बाइट्स द डस्टनं, बोहेमियन ऱ्हॅप्सोडी दुसरं. ब्रिटिश फॅनला हे ऐकून धक्का बसतो पण अमेरिकेच्या चार्टकडे बघितलं की पटतं, तिथे तोपर्यंत क्वीनची १ नंबरवर गेलेली गाणी दोनच, क्रेझी लिटल थिंग आणि अनदर वन, दोन्ही १९८० मध्ये, तर बोहेमियन तिथे ९ पर्यंतच गेलं होतं. ज्याचं जिथे चाललं त्याला तिथे पहिली खुर्ची. डोन्ट स्टॉप मी नाऊ अमेरिकेत ८६ वर अडकलं म्हणून त्यांच्या १९८१ च्या यादीत ते नाहीच. आज ज्या गाण्यावर अख्खं लग्नाचं घर नाचतं ते गाणं एका पूर्ण देशाच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ मध्ये नव्हतं, विचार करा.

उलट गायक डेव्हिड बोवीबरोबरचं अंडर प्रेशर अमेरिकन कॉपीत आहे आणि ब्रिटिश कॉपीत नाही. ते सिंगल आणि हा अल्बम साधारण एकाच वेळी बाजारात आले, ब्रिटनमध्ये ते लगेच १ नंबरवर गेलं, पण तिथल्या अल्बमात ते यायला दुसरा भाग निघेपर्यंत दहा वर्षं थांबावं लागलं. त्यामुळे अमेरिकेत ऑस्टिनमधला माणूस आणि ब्रिटनमध्ये लीड्समधला माणूस जेव्हा ‘ग्रेटेस्ट हिट्सवर अंडर प्रेशर आहे की नाही’ यावर हमरीतुमरीवर येतात तेव्हा दोघंही आपल्या लहानपणीच्या कॉपीबद्दल खरं बोलत असतात.

पुढे १९९२ मध्ये एका विनोदी अमेरिकन सिनेमात गाडीत बसलेली पोरं बोहेमियन ऱ्हॅप्सोडीवर माना हलवतात तो सीन आला आणि ते गाणं तिकडे परत चार्टवर चढून २ नंबरपर्यंत गेलं, सोळा वर्षांनी! त्यानंतर तिकडच्या याद्या पुन्हा बदलल्या. म्हणजे ‘हिट’ ही पण कायमची गोष्ट नाही.

आता क्रम. मला विचाराल तर हा अल्बम फक्त यादी न राहता खराखुरा अल्बम झाला तो क्रमामुळे, आणि याच्याबद्दल पाहिजे तेवढं बोललं जात नाही. तुम्ही आरती संग्रह आठवा. गणपतीत आरत्या म्हणताना सुखकर्ता दुःखहर्ता झालं की पुढे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, आपोआप गळ्यातून लवथवती विक्राळा यायला लागतं, मग दुर्गे दुर्घट. दुसऱ्यांच्या घरी गेलो आणि तिथे मध्येच वेगळी आरती आली की क्षणभर अडखळायला होतं, आणि ‘आमच्याकडे असं नाही’ हे वाक्य निघतंच. आणि घालीन लोटांगण कुणीही मध्ये म्हणत नाही, ते शेवटीच. या सगळ्या रचना वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या देवांच्या, पण क्रमानं त्यांची एक माळ झालीये. हिट्सच्या अल्बमचं नेमकं हेच होतं. हजार वेळा ऐकल्यावर एक गाणं संपताना पुढच्याचा पहिला सूर डोक्यात आधीच वाजतो.

ब्रिटिश क्रमाची सुरुवात ऐका. बोहेमियन ऱ्हॅप्सोडी मूळ अल्बममध्ये जवळजवळ शेवटी आहे, अकरावं गाणं, त्याच्यानंतर फक्त त्यांच्या राष्ट्रगीताची धून. म्हणजे मुळात ते समारोपाचं गाणं. इथे ते पहिलं लावलं. शेवटचे पियानोचे सूर विरत जातात, वाऱ्याबद्दलची ती ओळ येते, मग रॉजर त्या मोठ्या झांजेसारख्या गाँगवर हलकेच एक ठोका देतो आणि तो आवाज हवेत विरतो न विरतो तोच जॉन डीकनची बास गिटार, तीच ती ओळखीची पावलं टाकल्यासारखी चाल, अनदर वन. एक गाणं थरावर थर चढवलेल्या आवाजांचं, दुसरं अगदी कोरडं, मोकळं, मधे जागाच जागा. पाच वर्षांचं अंतर आहे दोन्हींत, वेगळे स्टुडिओ, वेगळे निर्माते, आणि तरी तो सांधा असा बसलाय की मला आजही बोहेमियन एकटं वाजून संपलं तर काही तरी राहिल्यासारखं वाटतं.

आणि शेवट तर उलटा केलाय. वी विल रॉक यू आणि वी आर द चॅम्पियन्स ही जोडी १९७७ च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ मध्ये अगदी सुरुवातीला आहे, पहिलं आणि दुसरं. इथे ती सोळावी आणि सतरावी. कारण तोवर बँड स्टेजवर कार्यक्रम याच दोन गाण्यांनी संपवत होता. सुरुवातीचं गाणं शेवटी आणि शेवटचं गाणं सुरुवातीला, असं करून एक नवीनच कार्यक्रम उभा राहिला. म्हणून ‘कंपायलेशन म्हणजे खरा अल्बम नव्हे’ हे म्हणणं मला पटत नाही. निदान या एकाच्या बाबतीत तरी नाही.

जुन्या फॅन्सची अजून एक तक्रार असते ती आवाजाबद्दल, आणि ती जरा तांत्रिक आहे पण सोपी करून सांगतो. रेकॉर्डच्या तबकडीवर आवाज म्हणजे एक बारीक नागमोडी खाच. आवाज मोठा असेल तर खाच जास्त डुलते, तिला जागा जास्त लागते. एका बाजूला वीसबावीस मिनिटं असली की खाचांना ऐसपैस जागा मिळते. इथे एकाच तबकडीत सतरा गाणी, जवळजवळ ५८ मिनिटं, म्हणजे एका बाजूला २९. खाचा दाटीवाटीनं बसवायच्या म्हणजे त्यांचं डुलणं कमी करायचं, म्हणजे आवाज आणि खर्जाचा दम थोडा कमी होणारच. म्हणून ज्याच्याकडे मूळ अल्बमच्या तबकड्या आहेत तो म्हणतो की तिथे ड्रम छातीवर येतो, इथे लांबून येतो. पुढे सीडी आली तेव्हा जागेचा प्रश्न मिटला पण दुसरा सुरू झाला, नवीन मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात, करताना सगळंच मोठ्या आवाजात आणायची ओढ असते आणि मग हळू आणि जोरात यातला फरक कमी होतो, आणि क्वीनची तर अर्धी जादू त्या फरकात.

काही गाणी तर कापलेलीसुद्धा आहेत. फॅट बॉटम्ड गर्ल्स मूळ अल्बमात ४ मिनिटं १६ सेकंद, इथे ३ मिनिटं २२, कारण सिंगलची छोटी आवृत्ती घेतली, मधले गिटारचे तुकडे काढले. ज्यानं आधी हेच ऐकलं त्याला मूळ गाणं लांबट वाटतं, ज्यानं मूळ आधी ऐकलं त्याला हे खुडल्यासारखं वाटतं. याच गाण्याबद्दल २०२३ मध्ये पुन्हा चर्चा झाली, लहान मुलांच्या योटो नावाच्या ऑडिओ प्लेअरवर हा अल्बम आला तेव्हा त्यातून हे गाणं वगळलेलं होतं. मुलांसाठी वगळायचं की नाही यावर दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे, पण फॅन्सना खुपलं ते वेगळंच, पुढचं गाणं बायसिकल रेस, आणि त्यात या गाण्याचा नाव घेऊन उल्लेख आहे, ती एका सिंगलच्या दोन बाजूंची जोडी, एक उचललं की दुसरं कुणाबद्दल बोलतंय तेच कळत नाही.

सिंथेसायझरचा पण एक विषय आहे. ७० च्या दशकात क्वीन आपल्या अल्बमवर अभिमानानं छापायचे की यात सिंथेसायझर वापरलेला नाही, जे काही चित्रविचित्र आवाज येतायत ते ब्रायनच्या गिटारचे आणि आमच्या गळ्याचे. मग १९८० ला ‘द गेम’ मध्ये सिंथेसायझर आला, आणि प्ले द गेमच्या सुरुवातीलाच घोंगावत खाली येणारा तो आवाज त्याचाच. ज्यांनी दर वर्षी एक एक अल्बम विकत घेतला त्यांच्यासाठी तो क्षण मोठा होता, काहींना तो धोका वाटला. आमच्यासारखे ज्यांनी सगळं एका तासात ऐकलं त्यांना तो बदल जाणवलाच नाही, गुड ओल्ड फॅशन्ड लव्हर बॉय संपलं आणि प्ले द गेम सुरू झालं, बस. हिट्सचा अल्बम काळ सपाट करतो, १९७४ आणि १९८० शेजारी शेजारी मांडी घालून बसतात. काही फॅन्सना हे चुकीचं वाटतं, मला वाटतं की म्हणूनच यातून क्वीनचा आवाका एका बैठकीत कळतो, एकाच बँडनं ऑपेरा केला, फंक केलं, जुन्या धाटणीचं रॉक अँड रोल केलं, चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांसारखं समबडी टू लव्ह केलं, आणि कुठेच उसनं वाटत नाही.

आपल्याकडे क्वीनची ओळख बऱ्याच जणांना ‘पाचगणीचा फ्रेडी’ म्हणून होते आणि ते खरंच आहे. मूळ नाव फारूख बलसारा, जन्म १९४६ चा झांझिबारचा, पारशी घर, आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं, तिथेच पियानो, तिथेच पोरांचा पहिला बँड, द हेक्टिक्स. आजही वाई सोडून पसरणीचा घाट चढताना गाडीत कुणी तरी हा विषय काढतंच आणि मग हमखास हाच अल्बम लागतो. क्वीनवरच्या २०१८ च्या सिनेमानंतर तर माझ्या भाचीच्या वयाची मुलंही आली यात. तिनं मला विचारलं, मामा क्वीनचं सुरुवातीला काय ऐकू, आणि मी क्षणभर दादासारखं बोलणार होतो, की हिट्स नको, सरळ ‘शीअर हार्ट अटॅक’ ऐक. पण नाही म्हणालो. म्हटलं आधी ही सतरा ऐक, आहे त्या क्रमानं, शफल न करता, आणि यातलं जे गाणं सगळ्यात जास्त आवडेल ते ज्या अल्बमातलं आहे तो अल्बम पूर्ण ऐक. तिला नाऊ आय ॲम हिअर आवडलं, म्हणजे फिरून ‘शीअर हार्ट अटॅक’ वरच गेली, आणि तिथे तिला ब्रायटन रॉक सापडलं, आणि आता तीच मला विचारते की हे हिट्समध्ये का नाही.

शेवटची एक गोष्ट, ही तुम्ही आत्ता लावून तपासू शकता. वी आर द चॅम्पियन्स कसं संपतं? शंभरातल्या बहुतेकांना वाटतं की फ्रेडी शेवटी ‘ऑफ द वर्ल्ड’ म्हणतो आणि गाणं संपतं. रेकॉर्डिंगमध्ये ते शेवटचे तीन शब्द नाहीत! आधीच्या धृपदात आहेत, शेवटी नाहीत, गाणं ‘चॅम्पियन्स’ वरच थांबतं, अधांतरी. स्टेजवर तो शेवटी ते म्हणायचा, १९८५ च्या लाइव्ह एड या मोठ्या कार्यक्रमात म्हटलंय, आणि लोकांच्या कानात तेच बसलंय. पण हा अल्बम संपतो तो त्या अधांतरी जागी. दादाच्या कॅसेटवर एका बाजूला ३० मिनिटं आणि गाणी २९ मिनिटांची, त्यामुळे तिथे फ्रेडी थांबला की मिनिटभर नुसता टेपचा सर्र असा आवाज यायचा, मी तेवढ्यात ते तीन शब्द मनातल्या मनात म्हणून घ्यायचो, मग खट्‌कन बटण वर यायचं आणि मी कॅसेट उलटी करून परत बोहेमियन लावायचो.